रोमनेस्क की गॉथिक? व्हेझलेच्या चर्चमध्ये आधी छत बघा

रोमनेस्क आणि तिच्यानंतर आलेली गॉथिक या मध्ययुगीन युरोपातल्या दोन वास्तुशैली. गोल कमान दिसली की रोमनेस्क, टोकदार दिसली की गॉथिक, असा एक सोपा नियम सगळीकडे ऐकायला मिळतो. गॉथिक धाटणीचा राजाबाई टॉवर पाहत मोठ्या झालेल्या मुंबईकराला तर तो आपोआप पटतो. पण फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात हा नियम हमखास दगा देतो. तिथे कमानीच्या आकारापेक्षा छताचं वजन खाली कसं उतरतं, हे बघायला हवं.

त्यासाठी बर्गंडीतल्याच व्हेझलेच्या टेकडीवरचं मरीया मग्दालीयेचं चर्च मला सर्वांत योग्य वाटतं, कारण तिथे दोन्ही शैली एकाच वास्तूत आहेत. ११२० साली जुन्या चर्चला मोठी आग लागली, त्यात कित्येक यात्रेकरू मरण पावले. त्यानंतरच्या साधारण वीस वर्षांत लांबलचक मुख्य दालन उभं राहिलं, ते रोमनेस्क. ११४६ च्या ईस्टरला मठाधिपती संत बर्नार्डने दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची हाक याच टेकडीवरून दिली. वेदीकडचा पूर्व भाग बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने बांधायला घेतला, तो गॉथिक.

दालनाच्या मधोमध उभं राहून मान वर करा. फिकट आणि गडद दगड आलटून पालटून लावलेल्या रुंद अर्धवर्तुळाकार कमानी एकामागून एक दिसतात. दोन कमानींच्या मधलं छत म्हणजे एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन अर्धवर्तुळाकार, बोगद्यासारख्या छतांचा मिलाफ. ती जिथे मिळतात तिथे तिरकी धार उमटते, पण ती नुसती धार आहे, वेगळा दगडी सांगाडा नव्हे. छत जाड, वजनदार आणि सलग आहे. तरी भार चार कोपऱ्यांकडे जात असल्यामुळे भिंतीत वरच्या बाजूला खिडक्या ठेवता आल्या. म्हणून हे दालन चांगलं उजळलेलं आहे. ‘रोमनेस्क म्हणजे अंधार’ हा समजही इथे टिकत नाही.

आता वेदीकडे चालत जा. तिथे तिरक्या धारेच्या जागी घडीव दगडांची कमान दिसते, छत्रीच्या काडीसारखी. ही काडी छताचा भाग होऊन राहत नाही, ती छताला आकार देते. मधली पडदी त्या मानाने हलकी असते. भार ठरावीक जागी एकवटतो, भिंतीवरचं ओझं कमी होतं आणि खिडक्या मोठ्या करता येतात. ही काडी हीच माझ्या मते पहिली खूण. टोकदार कमान तिच्या सोबतीला येते, पण एकटी पुरावा म्हणून चालत नाही. बर्गंडीतच ओतँ गावचं सेंट लाझार चर्च बघा. तिथल्या कमानी टोकदार, छतही टोकदार, पण ते सलग बोगद्यासारखं आहे, काड्यांचं नाही. ते रोमनेस्कच.

बाहेरून बघणाऱ्याला व्हेझलेत आणखी एक चकवा मिळतो. दालनाच्या भिंतींना बाहेरून फ्लाइंग बट्रेस, म्हणजे हवेतून येणारे कमानदार टेकू आहेत. हे गॉथिकचं लक्षण समजतात. इथे मात्र ते नंतर लावलेले आहेत, कारण जड छताच्या रेट्याने भिंती बाहेर कलल्या होत्या.

या भिंती बघताना दालनातल्या खांबांचे माथे सोडू नका. एका माथ्यावर मोशे चक्कीत धान्य ओततो आहे आणि खाली संत पौल पीठ गोळा करतो आहे: बायबलच्या जुन्या करारातलं धान्य, नव्या करारातलं पीठ. मला हे शिल्प या चर्चमधलं सगळ्यात सुंदर वाटतं.

आणि छत बघताना एक सावधगिरी बाळगा. १८४० मध्ये व्हिओले-ल-द्यूक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुकाराकडे डागडुजीचं काम आलं, तेव्हा वास्तू कोसळायच्या बेतात होती. दालनाच्या पूर्व टोकाची काही छतं मध्ययुगातच गॉथिक पद्धतीने बदलली गेली होती. त्यांतली काही त्याने पुन्हा रोमनेस्क घाटाची केली. म्हणजे तिथे वर जे बाराव्या शतकाचं वाटतं, त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या गवंड्यांचं काम आहे.