नागअळी की टुटा? पान नीट बघा, मग पंप उचला

टोमॅटोच्या पानावर पांढरी रेघ दिसली की आपल्याकडे सरळ "नागअळी पडली" म्हणायचं आणि दुकानदार देईल ते औषध मारून मोकळं व्हायचं, पण पान पोखरणाऱ्या अळ्या दोन आहेत आणि त्यातली एक, टुटा, थेट फळात शिरते, हे तोड्याच्या वेळी कळून काय उपयोग.

जुनी नागअळी म्हणजे माशीची अळी. पिवळसर, बिनपायाची, जेमतेम 3 मिमीची. पानाच्या दोन पापुद्र्यांमधून सापासारखी वळणं घेत जाते, म्हणून तर नाव नागअळी. फळाला ती तोंड लावत नाही. खालच्या पानांवर थोड्या रेघा असतील तर मी तरी फवारत नाही, कारण कडक औषधांनी या अळीला मारणाऱ्या बारीक मित्रमाश्या आधी मरतात आणि मग नागअळी उलट जास्त वाढते.

टुटाची गोष्ट वेगळी, तो पतंग आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, 2006 ला स्पेनमध्ये सापडला आणि 2014 ला भारतात पहिल्यांदा दिसला तो आपल्या पुणे भागातच. याच्या अळीला पाय असतात, डोकं गडद आणि त्यामागे काळा पट्टा, पूर्ण वाढली की 7-8 मिमी. ही रेघ काढत बसत नाही, पानात रुंद चट्टा पाडते, पान उन्हात धरलं की आतला हिरवा भाग खाल्लेला आणि काळी विष्ठा साठलेली दिसते. एक पान सोडून दुसऱ्यात जाते, शेंड्यात घुसते, आणि हिरव्या फळाला बरेचदा देठाजवळ सुई टोचल्यासारखं भोक पाडते. मोठं भोक आणि अळी अर्धी बाहेर असं दिसलं तर ती फळ पोखरणारी अळी, टुटा नाही, ही पण गल्लत खूप होते.

सापळेसुद्धा वेगळे लागतात. माशीसाठी पिवळे चिकट सापळे, टुटासाठी त्याचीच ल्युर (म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारी गोळी) लावलेले कामगंध सापळे, आणि ते लागवडीपासूनच लावा कारण एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालते आणि बऱ्याच औषधांना हा पतंग आता दाद देत नाही. भोक पडलेली फळं तोडली की कळकळीने सांगतो, बांधावर टाकू नका, आतली अळी तिथेच मोठी होते आणि पतंग पुन्हा तुमच्याच प्लॉटवर येतात. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा नाहीतर खोल पुरा.