वयख (ओळख-स्मृती) : वार्धक्य आणि स्मृतिभ्रंशातील बदल

समोर आलेला चेहरा, वस्तू किंवा शब्द पूर्वी अनुभवलेला आहे हे उमगणे म्हणजे ओळख-स्मृती. खानदेशात अहिराणीत ‘वयख’. पुढ्यात काहीही नसताना मनातून काढून सांगणे, म्हणजे पुनःस्मरण, हे त्याहून अवघड. लग्नात कोण कोण भेटले असे विचारले तर पाच-सात नावे निघतात; तोच अल्बम पुढे ठेवला की पन्नास चेहरे ओळखू येतात.

वयखीचे दोन धागे असतात. चोपड्याच्या एसटीत शेजारी बसलेला माणूस कुठेतरी पाहिलेला वाटतो, पण कोण ते सुचत नाही, ही परिचितता. हा तर बाजारातला भाजीवाला, परवा याच्याकडून वांगी घेतली, हे प्रसंगासकट आठवणे हा दुसरा धागा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये बसमध्ये भेटलेल्या खाटकाच्या उदाहरणाने हाच भेद मांडला. प्रसंगाची आठवण मुख्यतः मेंदूतील हिप्पोकॅम्पसवर, तर परिचितता त्यालगतच्या पेरिरायनल भागावर अवलंबून असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

निरोगी म्हातारपणात परिचितता बरीच टिकते, प्रसंगाचा धागा विरतो. गोळ्यांचे पाकीट ओळखीचे असते. गोळी आज घेतली की काल, इथे घोटाळा होतो. खोटी ओळखही वाढते. वांगी, काड्या, जाळ, मिरची, कळण्याची भाकरी अशी यादी ऐकवली, तर त्यात नसलेला ‘भरीत’ हा शब्द ऐकल्याचे अनेकजण छातीठोकपणे सांगतील. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये अशाच याद्या तरुणांना ऐकवून हा भास दाखवला होता; वयस्करांत तो आवरणे आणखी कठीण जाते.

सौम्य बोधात्मक क्षीणतेत रोजचे व्यवहार बहुतांशी चालू असतात, पण स्मरण वयाच्या मानाने जास्त घटलेले असते. तिच्या विस्मरणप्रधान प्रकारात प्रसंगाची आठवण ठळकपणे खालावते. परिचिततेबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अल्झायमर या स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या रोगात पुढे दोन्ही धागे तुटतात. मेंदूसंशोधक हायको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये दाखवल्याप्रमाणे या रोगात मेंदूच्या पेशींत होणारे टाउ नावाच्या प्रथिनाचे गुंते पेरिरायनल भागाच्या सीमेवरच प्रथम दिसू लागतात.

तपासणीत म्हणूनच शब्द आठवायला सांगून थांबत नाहीत, तेच शब्द नव्या शब्दांत मिसळून पुन्हा विचारतात. नैराश्यात माणूस शब्द सांगू शकत नाही, पण ऐकवले की बहुधा ओळखतो. साठवण असते, काढता येत नाही. अल्झायमरचा रुग्ण ओळखण्यातही चुकतो आणि नव्या शब्दांनाही ‘हो’ म्हणत जातो.

हा ‘हो’च घराघरांत फसवतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आलेली भाची विचारते, ‘मामी, माले वयखं का?’ मामी हसून म्हणते, ‘हां माय, बस, चहा ले.’ सगळे निश्चिंत. चहा संपता संपता मामी हळूच विचारते, ‘तू कोनी पोर शे वं?’ पहिले उत्तर परिचिततेचे आणि रीतीभातीचे होते. अशा एकट्या हो-नाहीच्या प्रश्नाने वयख मोजताच येत नाही. तरी प्रत्येक पाहुणा तोच विचारतो.

दवाखान्यातील चाचण्याही निर्दोष नाहीत. शाळा न पाहिलेल्या, आयुष्यभर अहिराणी बोललेल्या बाईला छापील प्रमाण मराठी शब्द दिले, तर मोजले जाते ते शिक्षण. निरक्षर ज्येष्ठांसाठी उत्तर भारतात हिंदी चाचणी तयार झाली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. मोतीबिंदू आणि कमी ऐकू येणे यांचाही हिशेब धरावा लागतो. चेहराच धूसर दिसत असेल तर दोष स्मृतीचा नव्हे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ते सोडून देण्याचा तोटा असा, की बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांसारखी उपचार होऊ शकणारी कारणेही तपासायची राहतात.

आजार वाढल्यावर काहींना आरशातला स्वतःचा चेहरा परका वाटतो, घरात कुणी शिरले म्हणून ते घाबरतात. आरशावर पडदा टाकला की बऱ्याचदा शांत होतात. भेटायला जाणाऱ्याने परीक्षा घेण्याऐवजी दारातूनच सांगावे, ‘मामी, मी शिरपूरची, तुमच्या नणंदेची पोर.’