ग्रामीण नळपाणीपुरवठा व्यवस्थापन : ठाणे जिल्हा

गावाच्या पिण्याच्या पाण्याचा उद्भव (विहीर, विंधन विहीर असा स्रोत), मोटर, टाकी, नळजोडण्या आणि पाणीपट्टी हा सगळा कारभार ग्रामपंचायतीने ग्रामसभेच्या संमतीने चालवण्याची पद्धत. सरकारी कागदावर तिला ‘ग्रामीण नळपाणीपुरवठा योजना’ म्हणतात, गावात नुसती ‘नळयोजना’. ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या पाच पंचायत समित्यांच्या हद्दीत ती चालते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुन्या ठाण्याचा बराचसा आदिवासी भाग तिकडे गेला. शहापूर मात्र ठाण्यातच राहिला, आणि जिल्ह्यातल्या ग्रामीण पाण्याचा विषय निघाला की आजही बोलणे शहापूर-मुरबाडपाशीच येऊन थांबते.

धरणे आणि तहान

तानसा (१८९२) आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचे. मुरबाड-अंबरनाथच्या बाजूला औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आहे. त्यावर कारखाने आणि कल्याणपासून नवी मुंबईपर्यंतच्या वस्त्या अवलंबून आहेत. या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी-मार्च उजाडला की कसाऱ्याकडच्या पाड्यांतल्या विहिरींचा तळ दिसू लागतो.

याचे एक कारण जमिनीखाली आहे. इथला खडक काळा बेसाल्ट, म्हणजे आपला कातळ. त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात मावेल तेवढेच पाणी मुरते, बाकीचे चार महिन्यांत ओढ्यानाल्यांतून समुद्राला मिळते. दुसरे कारण उंचीचे. धरणाचे पाणी दरीच्या तळाशी आणि पाडे पठारावर किंवा डोंगराच्या उतारावर. ते पाणी वर चढवायचे तर मोठी मोटर, पाणी वर नेणारी लांब उद्धरण नलिका आणि दरमहा वीजबिल आले. तिसरे कारण हक्काचे: धरण ज्यासाठी बांधले त्या शहराचे आरक्षण आधी, गावाचा विचार नंतर. पहिली दोन कारणे निसर्गाची असल्याने ती मान्य करावी लागतात. तिसरे माणसांनी ठरवलेले आहे, आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्याच शेजाऱ्यांनी डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालावे हा अन्याय आहे. शहापूरसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना हाती घेतली गेली ती यामुळेच. पाणी घाटावरून आपोआप खाली उतरते, त्यामुळे पंपाचा खर्च टळतो. शंभराच्या आसपास गावे आणि अडीचशेहून अधिक पाडे तिच्या आराखड्यात आहेत.

कायद्यातली जागा

७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पिण्याचे पाणी हा विषय अकराव्या अनुसूचीत, पंचायतींच्या कामांत घातला. महाराष्ट्रात त्याआधीपासूनच १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पाणी हे पंचायतीचे काम होते. पण योजना आखायची, बांधायची आणि वर्षानुवर्षे दुरुस्तही करायची ती शासनाच्या यंत्रणेने, अशीच रीत होती. २००० नंतर धोरण बदलले. गावाने मागणी करायची, वर्गणी भरायची, समिती नेमायची आणि योजना स्वतः चालवायची, असे ठरले. जागतिक बँकेच्या मदतीने २००३ पासून राबवलेल्या जलस्वराज्य प्रकल्पाने ही रीत राज्यभर रुजवली. आता जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि मोठ्या प्रादेशिक योजनांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बांधकाम पाहतात. उद्भवाला पाणी लागेल की नाही, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तपासते. काम पूर्ण झाले की योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते.

गावात कारभार पाहते ती ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या जल जीवन मिशनच्या सूचनांप्रमाणे तिच्यात १० ते १५ सदस्य असतात, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांना जागा. समिती ग्रामसभेत निवडली जाते. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. ज्या गावात समितीतल्या बायकांची नावे फक्त ठरावापुरती असतात, तिथे नळाला पाणी किती वाजता सोडायचे हेही पुरुष ठरवतात. मग पाणी येते ते नेमके बायका लावणीला किंवा मजुरीला गेलेल्या असताना. समितीत बायका खरोखर बोलत असतील तर पहिला बदल पाण्याच्या वेळेत दिसतो.

बांधायचा पैसा

नळयोजनेला दोन प्रकारचा पैसा लागतो, बांधायचा आणि चालवायचा. पहिला वरून येतो, दुसरा गावातून उभा करावा लागतो. बहुतेक योजना बंद पडतात त्या दुसऱ्यापायी.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला देण्याचे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा. गावाने गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी द्यायची; डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना ५ टक्के. ती रोख, वस्तूरूपाने किंवा श्रमदानाने देता येते. योजनेची मूळ मुदत २०२४ पर्यंत होती. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्यात आली.

वित्त आयोगाचा निधी हा दुसरा मोठा स्रोत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग ‘बंधित’ ठेवला: त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल साठवण आणि पुनर्वापरासाठी. उरलेला ४० टक्के ‘अबंधित’. खर्चाला आधार हवा तो ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्याचा. शहापूर तालुका पूर्ण आणि भिवंडी व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या, कायद्याच्या आधाराने आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीतला वाटाही थेट मिळतो.

जागेचा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. विहीर आणि टाकी ज्या गुंठ्या-दोन गुंठ्यांत उभी राहायची, त्याचे बक्षीसपत्र कुणीतरी शेतकऱ्याने करून द्यावे लागते. नलिका वनजमिनीतून जात असेल तर वनहक्क कायद्याचे (२००६) कलम ३(२) उपयोगी पडते. पिण्याचे पाणी आणि पाण्याच्या नलिका यांसाठी, ग्रामसभेची शिफारस असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील, तर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन या मार्गाने मिळू शकते. हे कलम सरपंचांना तोंडपाठ हवे. ते माहीत नसल्याने फाइल कार्यालयांमधून फिरत राहते आणि एक उन्हाळा निघून जातो.

चालवायचा पैसा

हिशेब समजावा म्हणून १२० घरे आणि ६०० माणसे असलेले एक गाव धरू. माणशी ५५ लिटरने रोज ३३ हजार लिटर पाणी लागेल. पाच अश्वशक्तीची मोटर रोज सहा तास चालली, तर महिन्याला साधारण ६७० युनिट वीज जाते. युनिटला ६ रुपये धरले तर ४ हजारांच्या आसपास बिल. पाणी सोडणाऱ्या माणसाला ५ हजार. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लिचिंग) पावडर, वॉल्व, गळती, कधीतरी मोटरचे रिवायंडिंग यांसाठी दरमहा २ हजार बाजूला टाकले. एकूण ११ हजार. म्हणजे घरामागे महिन्याला ९२ रुपये, वर्षाला अकराशे. ही रक्कम सर्वांनी भरली तर योजना सुखाने चालते. निम्म्यांनीच भरली तर भरणाऱ्यावर १८४ रुपयांचा बोजा पडतो किंवा, नेहमी घडते त्याप्रमाणे, वीजबिल थकते. महावितरणने फ्यूज काढली की ज्याने वेळेवर पैसे भरले त्याच्याही नळाला पाणी येत नाही. त्यामुळे पुढल्या वर्षी तोही हात आखडता घेतो. २०२१ मध्ये राज्याने पाणीयोजनांची वीजबिले बंधित निधीतून भरायला परवानगी दिली. त्याने तोडलेले जोड परत जोडले गेले, वसुलीची सवय मात्र लागली नाही.

ग्रामपंचायत अधिनियमात पाणीपट्टी दोन प्रकारची आहे: सर्वसाधारण, म्हणजे विहीर-हातपंप-सार्वजनिक नळासाठी सरसकट, आणि विशेष, म्हणजे घरातल्या नळजोडणीसाठी. मागणी नमुना ९ च्या नोंदवहीत चढते, पैसे भरले की नमुना १० ची पावती मिळते. थकबाकीदाराला कलम १२९ प्रमाणे आधी देयक, मग मागणीची नोटीस, शेवटी जप्ती. प्रत्यक्षात जप्तीपर्यंत कुणी जात नाही, कारण थकबाकीदार भावकीतला असतो आणि निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा यायची असते. लोकअदालतीत तडजोडीने बरीच वसुली होते. एक तरतूद मात्र गावात चांगला धाक ठेवून आहे: देयक मिळाल्यापासून तीन महिन्यांत पट्टी न भरणारा सदस्य कलम १४ प्रमाणे अपात्र ठरू शकतो. त्यामुळे उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या टेबलाशी कधी नव्हे ती गर्दी दिसते.

शहापूर-मुरबाडमध्ये वसुलीची आणखी एक अडचण आहे, ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर मजूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. मार्चअखेर वसुलीला गेलेल्या कर्मचाऱ्याला पाड्यात कुलपे आणि दोन-चार म्हाताऱ्या माणसांखेरीज कुणी भेटत नाही. ज्यांनी सहा महिने नळ उघडलाच नाही, त्यांच्याकडून वर्षाची पट्टी मागणे रास्त नाही. हंगामी सूट देण्याचा निर्णय ग्रामसभेने ठराव करून घ्यायला हवा, आणि वसुली भट्टीला जाण्याआधी, भाताचे पैसे हातात असताना करावी.

पाणी सोडणारा

सगळी योजना शेवटी एका माणसाच्या हातात असते. पहाटे पंपघराचे दार उघडून तो स्टार्टरचे हिरवे बटण दाबतो, मोटरचा आवाज बदलला का हे कान देऊन ऐकतो, टाकी भरली की वरची आळी आधी आणि खालची नंतर, या क्रमाने वॉल्व फिरवतो. क्रम चुकला तर उतारावरची घरे सगळे पाणी ओढून घेतात आणि टेकाडावरच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. टीसीएल पावडर बादलीत कालवून, वर आलेली निवळी टाकीत सोडणेही त्याच्याकडेच. शेवटच्या घरच्या नळाचे पाणी ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीनच्या तपासणीत, पिवळे झाले तर क्लोरीन तिथवर पोचला. पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या पाहणीवर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते ते मुख्यतः या कामावर. त्याचा पगार मात्र सगळ्यात आधी थकतो.

टंचाईचे महिने

नळयोजना कोरडी पडली की टंचाई कृती आराखडा लागू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. विहिरीतला गाळ काढणे, खाजगी विहीर अधिग्रहित करणे, नवी विंधन विहीर, आणि शेवटी टँकर. टँकरचे प्रमाण माणशी २० लिटर. वर धरलेल्या ६०० माणसांच्या गावाला १२ हजार लिटर, म्हणजे दिवसाला एक खेप. टँकर पाणी बहुधा गावच्या विहिरीतच ओततो. पाइप विहिरीत सोडला की कडेला उभ्या बायका दोर सोडतात, आणि ढवळलेल्या गढूळ पाण्याचे पहिले हंडे फडक्यातून गाळून भरले जातात. टँकरवर दरवर्षी होणारा खर्च उद्भव बळकट करण्यावर करावा, ही मागणी या भागात जुनी आहे आणि बरोबर आहे.

शहरालगतची गावे

भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथकडच्या गावांची गोष्ट वेगळी. त्यांना पाणी मोजून विकत मिळते: औद्योगिक विकास महामंडळाकडून किंवा ‘स्टेम’ या पाणीपुरवठा कंपनीकडून, जिच्या भागीदारांत तीन महापालिकांबरोबर ठाणे जिल्हा परिषदही आहे. इथे उद्भवाची चिंता नाही, पण मीटरप्रमाणे बिल येते आणि अनधिकृत जोडण्या, गोदामे, चाळी यांनी ओढलेल्या पाण्याचेही पैसे ग्रामपंचायतीलाच भरावे लागतात.

पाड्यांसाठी सौर पंप

वीस-तीस घरांच्या पाड्यापर्यंत मोठी योजना नेणे परवडत नाही. तिथे सौर ऊर्जेवरचा दुहेरी पंप बसवतात. एकाच विंधन विहिरीवर हातपंपही राहतो आणि आत छोटा पाणबुडी पंपही सोडला जातो. दिवसा उन्हावर ५ हजार लिटरची टाकी भरते, शेजारच्या नळांतून पाणी मिळते, आणि ढगाळ दिवसांत हापसा मारता येतो. वीजबिल शून्य. मात्र कंट्रोलर जळला किंवा पॅनेल फुटले तर दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून जिथे पाड्याने महिन्याला घरटी वीस-तीस रुपये वेगळ्या डब्यात जमवले, तिथले पंप दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले. जिथे असा डबा नाही, तिथे टाकी उभी आहे आणि बायका पुन्हा हापशावर आल्या आहेत.