अंब्रेला फॉल आणि रंधा: एकाच प्रवरेवरचे दोन वेगळे धबधबे

पावसाळ्यात मुंबई, पुणे आणि नाशिकहून भंडारदऱ्याकडे निघणाऱ्या एक दिवसाच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा एकच ओळ असते: पहाटे बारी गावातून कळसुबाई, दुपारी रंधा आणि अंब्रेला फॉल, रात्री परत. या ओळीत दोन्ही धबधबे शेजारी शेजारी येतात, दोघांचेही पाणी प्रवरा नदीच्या पात्रात असते आणि दोघांमधले अंतर जेमतेम दहा किलोमीटरचे आहे. त्यामुळे एकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या नावाने फिरते आणि आलेल्या माणसाला आपण नेमके काय पाहिले हे नीट सांगता येत नाही. प्रत्यक्षात हे दोन धबधबे वेगवेगळ्या कारणांनी वाहतात, वेगवेगळ्या दिवशी भरात असतात आणि त्यांच्याजवळ वावरताना घ्यायची काळजीही वेगळी आहे.

आधी अंब्रेला फॉल. अकोले तालुक्यातील शेंडी गावाजवळ भंडारदऱ्याचे दगडी धरण आहे. त्याचे काम 1910 मध्ये सुरू झाले आणि 1926 मध्ये ते पूर्ण झाले. तत्कालीन मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन धरण असेही म्हणतात. धरणातून सोडलेले पाणी भिंतीच्या पायथ्याजवळच्या एका गोलसर कातळावर पडते आणि सर्व बाजूंनी पसरून खाली ओघळते. उघडलेल्या छत्रीसारखा हा आकार दिसतो, म्हणून त्याला अंब्रेला फॉल हे नाव पडले. हा कातळ निसर्गाचा असला तरी त्यावरचे पाणी माणसाच्या हातात आहे. धरणाची मोरी, म्हणजे पाणी सोडण्याची वाट, उघडली तर धबधबा सुरू होतो आणि ती बंद केली की तासाभरापूर्वी ज्याच्यासमोर गर्दी होती तो कातळ उघडा पडतो. बाहेर पाऊस कोसळत असला तरी या कातळाला त्याने काही फरक पडत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

भंडारदरा धरणाची साठवण क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीत सांगायचे तर अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यात येणारे पाणी मुख्यतः रतनगड, रतनवाडी आणि घाटघर या सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरच्या पाणलोट क्षेत्रातून येते. घाटघरला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते तिथल्या पावसामुळेच. मात्र हे पाणी अडवलेले आहे ते पर्यटकांसाठी नव्हे. पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतली शेती उभी केली आहे, आणि धरणातून पाणी केव्हा व किती सोडायचे हे त्या शेतीच्या आवर्तनांवर (कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळ्यांवर), वीजनिर्मितीवर आणि धरणाच्या पातळीवर ठरते. म्हणूनच पावसाळ्याच्या सुरुवातीला, जेव्हा जलसंपदा विभागाचा सारा भर धरण भरून घेण्यावर असतो, तेव्हा चिंब पावसातही अंब्रेला फॉल बंद असू शकतो. आणि उलट, एखाद्या उन्हाळी आवर्तनात, आजूबाजूचे डोंगर करपलेले असताना, तो वाहताना दिसू शकतो.

रंध्याचे तसे नाही. शेंडीहून राजूरच्या रस्त्याने सुमारे दहा किलोमीटर गेल्यावर प्रवरा काळ्या बेसाल्टच्या कड्यावरून एका अरुंद, खोल घळीत झेपावते. या उडीची उंची साधारण 170 फूट सांगितली जाते. ही जागा नदीने स्वतः कोरलेली आहे, धरण बांधण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे, आणि काठावर घोरपडा देवीचे मंदिर आहे. अंब्रेला फॉल समोर उभे राहून पाहण्याचा, तर रंधा वरून घळीत डोकावून पाहण्याचा धबधबा आहे. छायाचित्र कोणाचे आहे हे ओळखायचे असेल तर एवढा फरक पुरतो: पाणी गोल दगडावरून चहूकडे पसरत असेल आणि मागे धरणाची भिंत असेल तर तो अंब्रेला, आणि पाणी कड्यावरून सरळ घळीत कोसळत असेल तर रंधा.

परंतु रंधा धरणाच्या खालच्या अंगाला आहे, मग त्याचेही पाणी धरणाच्याच मर्जीवर नाही काय? इथेच या दोघांमधला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा फरक आहे. रंध्याला धरणातून सोडलेले पाणी मिळते हे खरे, पण फक्त तेच मिळत नाही. कळसुबाईच्या उतारांवर पडणारा पाऊस कृष्णवंती नदीत उतरतो, वाटेत वाकी येथील 112 दशलक्ष घनफुटांचा छोटा तलाव भरतो आणि तो भरून वाहू लागला की कृष्णवंतीचे पाणी प्रवरेला मिळून रंध्यावरून पुढे निळवंडे धरणाकडे जाते. म्हणजे वर भंडारदऱ्याचे दरवाजे पूर्ण बंद असतानाही, कळसुबाईच्या परिसरात चांगला पाऊस झालेला असेल, तर रंधा भरून वाहतो. सकाळी आपण ज्या डोंगरावर भिजत चढलो, त्याच डोंगराचे पाणी दुपारी रंध्याच्या घळीत कोसळताना दिसते. एकाच दिवसात शिखर आणि धबधबा पाहणाऱ्याला हा संबंध सांगितला गेला नाही तर सहलीतला सर्वांत मोलाचा भाग हुकला, असे मला मनापासून वाटते.

याची दुसरी बाजूही आहे. रंध्याचा हा मोठा उतार वीजनिर्मितीसाठीही उपयोगी पडतो. नदीतले काही पाणी धबधब्याच्या वरच्या बाजूने वळवून कोदणी येथील वीजकेंद्राकडे नेले जाते, त्यामुळे उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटले तरी रंध्यावर त्याची धार बारीकच दिसण्याची शक्यता असते. जून संपता संपता ते जुलैच्या मध्यापर्यंत अनेकदा रंधा जोरात आणि अंब्रेला कोरडा असे चित्र असते. धरण भरत आल्यावर, बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये, सांडव्यातून विसर्ग सुरू होतो आणि मग रंधा आपल्या रौद्र रूपात पाहायला मिळतो. आयोजकाने वर्षभर एकच कार्यक्रमपत्रिका वापरली तर तिच्यातले अर्धे आश्वासन कोणत्याही महिन्यात खोटे ठरू शकते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी विचारायचा प्रश्न ‘धबधबे दाखवणार का’ हा नसून ‘सध्या धरणातून विसर्ग सुरू आहे का आणि वाकी तलाव भरून वाहतो आहे का’ हा आहे. पावसाळ्यात या दोन्ही गोष्टींचे आकडे स्थानिक वर्तमानपत्रांत क्युसेकमध्ये येत असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, एवढे लक्षात ठेवले की बातमीवरून त्या दिवशीच्या प्रवाहाचा अंदाज बांधता येतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने तर हा भेद जाणलाच पाहिजे. अंब्रेला फॉलचा प्रवाह मोरी किती उघडली यावर अवलंबून असल्याने आभाळ निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते. त्यामुळे समोरचे पाणी शांत दिसते म्हणून पात्रात उतरणे चुकीचे आहे, आणि विसर्ग जास्त असताना परिसर बंद ठेवलेला असेल तर वाद न घालता मागे फिरावे. रंध्याला धोका दोन दिशांनी येतो: धरणाचा विसर्ग आणि कळसुबाईकडचा पाऊस. रंध्यावर पाऊस थांबलेला असेल, पण डोंगरावर ढग बसलेले असतील, तर कृष्णवंती मागाहून पाणी घेऊन येते. कड्याचा दगड शेवाळाने निसरडा असतो आणि खालचा डोह खोल आहे. कठड्याच्या आत राहण्याला इथे पर्याय नाही.

या सर्व गोष्टी लक्षात घेता वाटाड्या स्थानिक असणे फार उपयोगाचे ठरते. शहरातून बससोबत आलेला ट्रेक लीडर गट सांभाळतो, वेळ पाळतो, आणि त्याचे काम महत्त्वाचेच आहे. पण वाकीच्या तलावाची स्थिती, कळसुबाईच्या शिड्यांजवळची निसरडी जागा आणि दुपारी कोणत्या बाजूने पाऊस येतो हे बारी किंवा शेंडीच्या माणसाला आधी ठाऊक असते. कळसुबाई 1646 मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर आहे. वाट मळलेली असून अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, तरी सामान्य चालीने चढायला तीनेक तास आणि उतरायला जवळजवळ तितकाच वेळ धरावा लागतो. पहाटे चढाई सुरू केली नाही तर दोन्ही धबधब्यांसाठी उजेड उरत नाही.

वेळ एकाच धबधब्यापुरता उरला तर निवड ऋतूनुसार करावी: जुलैत रंध्याला जावे, विसर्ग चालू असल्याची खात्री असेल तर वाटेवरच्या शेंडीला थांबून अंब्रेला पाहावा, कारण त्यासाठी आणखी दहा किलोमीटर जाऊन परतण्याची गरज नसते. ऑक्टोबर उलटल्यावर विसर्गाची बातमी नसेल आणि वाकीही वाहायचा थांबला असेल, तर दुपार दोन्हींपैकी कशावरही न घालवता जलाशयाच्या काठाने रतनवाडीला जावे. तिथले अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर पाहायला पाण्याची वाट बघावी लागत नाही.