सहाव्या वर्षाची इंटर्नशिप आणि अमेरिकेतली रेसिडेन्सी

फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी, सहा वर्षांची पदवी) झालेल्या मुलांच्या बायोडेटात ‘एक वर्षाची रेसिडेन्सी पूर्ण’ अशी ओळ पुष्कळदा दिसते. त्यांचा दोष नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमावलीतच सहाव्या वर्षाला ‘इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी ट्रेनिंग’ म्हटलंय. पण हाच बायोडेटा अमेरिकेतल्या हॉस्पिटलकडे गेला की घोटाळा होतो.

आपलं सहावं वर्ष पदवीचाच भाग आहे. सहा महिने जनरल मेडिसिन, मग आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने. ते संपल्याशिवाय पदवी नाही. म्हणजे इंटर्न अजून विद्यार्थीच. बऱ्याच ठिकाणी त्याला विद्यावेतन मिळत नाही, उलट त्या वर्षाचीही फी भरावी लागते. दिवसभर वॉर्डात राबणाऱ्या मुलांकडून पैसे घेणं मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत रेसिडेन्सी सुरू होते ती पदवी मिळाल्यावर. आपल्या निवासी डॉक्टरांसारखीच, फक्त फार्मासिस्टची आणि ऐच्छिक. औषधाच्या दुकानात नोकरी करायची तर तिची गरज नाही. मोठ्या हॉस्पिटलात क्लिनिकल काम हवं असेल तर मात्र तिच्यावाचून दार उघडणं कठीण. अर्ज आणि मुलाखती झाल्या की उमेदवार आणि हॉस्पिटल दोघंही आपापला पसंतीक्रम देतात आणि मार्चमध्ये ‘मॅच’चा निकाल लागतो. जुलैच्या सुमारास रुजू व्हायचं. पगार मिळतो, पण नेहमीच्या फार्मासिस्टपेक्षा बराच कमी. फार्मासिस्टचा परवानाही ठरलेल्या मुदतीत काढावाच लागतो. हे पहिलं वर्ष म्हणजे ‘पीजीवाय-१’ (पोस्टग्रॅज्युएट इयर, पदवीनंतरचं वर्ष). कॅन्सर, अतिदक्षता, बालरोग अशा एखाद्या शाखेत मुरायचं असेल तर पुढे ‘पीजीवाय-२’.

खरा फरक पेशंटच्या खाटेपाशी कळतो. समजा, व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे आणि सकाळच्या रिपोर्टात क्रिएटिनिन ०.९ वरून १.६ वर गेलंय, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आल्याची खूण. आपला इंटर्न केस पेपर चाळताना हे हेरतो, वहीत टिपतो, प्रिसेप्टर सरांना, म्हणजे त्याच्यावर देखरेख करणाऱ्या शिक्षकांना, दाखवतो. सर राउंडला डॉक्टरांशी बोलतात. डोस बदलला का, हे इंटर्नला कित्येकदा दुसऱ्या दिवशी केस पेपर उघडल्यावरच कळतं. तिकडे हॉस्पिटलने फार्मासिस्टला तसा अधिकार दिला असेल, तर परवाना मिळालेला रेसिडेंट पुढचा डोस स्वतः थांबवतो, रक्तातली पातळी मागवतो, नवा डोस लिहितो. नोंदीखाली नाव त्याचं, आणि त्या डोसबद्दल वॉर्डातून फोन आला तर उत्तरही त्यालाच द्यायचं. हेरण्याची नजर दोघांची सारखीच तयार असू शकते. आपल्या मुलांना ती असते, हे मी खात्रीने सांगते. जबाबदारी मात्र सारखी नसते.

आपल्या इंटर्नशिपशी तुलना करायचीच तर ती तिथल्या फार्म. डी.च्या शेवटच्या वर्षातल्या रोटेशनशी, म्हणजे पाळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत केलेल्या कामाशी, करावी. तीही पदवीआधीची, किमान १४४० तासांची, प्रिसेप्टरच्या देखरेखीखालची.

भारतातली पदवी घेऊन तिथल्या रेसिडेन्सीला अर्ज करायचा तर आधी परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीचं एफपीजीईसी प्रमाणपत्र हवं. त्यासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे नुसत्या चार वर्षांच्या बी. फार्म.वर भागत नाही. सहा वर्षांच्या फार्म. डी.वर भागतं. आणि बायोडेटात सरळ ‘इंटर्नशिप’ लिहा. त्याखाली कोणत्या वॉर्डात किती महिने होतात, डोसमधल्या किती चुका पकडल्या, त्यातल्या किती डॉक्टरांनी मान्य केल्या, तेही लिहा.