जूनचा जन्म आणि मडक्यातील गोट्या

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत शाळा उघडण्याच्या सुमारास मुलाची पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाणारे पालक आजही आढळतात. अशा वेळी ‘जूनमध्ये जन्मलेले मूल नाव काढील’ असे भाकीत कोणी केले, तर ते खरे ठरण्याची शक्यता थोडी अधिक आहे. मात्र त्याचे श्रेय गुरुबळाला नव्हे, शाळेच्या हजेरीपटाला द्यावे लागेल.

कर्नाटकात पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजीचे वय पाहिले जाते. त्यामुळे सहावे वर्ष ३१ मे रोजी पूर्ण करणारे आणि २ जून रोजी पूर्ण करणारे मूल यांच्यात दोनच दिवसांचे अंतर असले, तरी दुसरे मूल वर्षभर थांबते आणि आपल्या वर्गात सर्वांत मोठे ठरते. त्या वयात एक वर्ष म्हणजे जगलेल्या आयुष्याचा सहावा हिस्सा. खो-खोच्या संघात किंवा धडा मोठ्याने वाचण्यासाठी बाई साहजिकच थोराड, धीट मूल निवडतात. निवडलेल्याला सराव मिळतो आणि सरावामुळे पुढची निवडही त्याचीच होते. कॅनडातील आइस हॉकीपटूंमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक असल्याचे १९८५ मध्ये दाखवण्यात आले. तेथे वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो.

लहानसा फरक असा का फुगत जातो, हे पाहण्यासाठी खानापुरी मातीचे एखादे मडके घ्यावे आणि त्यात एक लाल व एक पांढरी गोटी टाकावी. न पाहता एक गोटी काढावी, ती परत टाकावी आणि सोबत त्याच रंगाची आणखी एक टाकावी. साथीच्या रोगांच्या प्रसाराचा विचार करताना गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी एगेनबर्गर यांच्यासह १९२३ मध्ये मांडलेले हे गणित मला फार प्रिय आहे. नाणे शंभरदा उडवले, तर छापे पन्नासच्या आसपास येतात. येथे मात्र शंभर खेपांत लाल गोटी एकदाही न निघणे, पन्नासदा निघणे आणि शंभरदा निघणे, या साऱ्यांची शक्यता अगदी समान, म्हणजे १०१ पैकी १ असते. खेळ लांबवत नेला, की लाल गोट्यांचे प्रमाण कोठेतरी स्थिरावते, पण कोठे, हे बहुतांशी आरंभीच्या खेपा ठरवतात. पहिली गोटी लाल निघाली, तर दीर्घकाळात लाल बहुमतात राहण्याची शक्यता ४ पैकी ३ असते. पहिल्या तिन्ही लाल निघाल्या, तर १६ पैकी १५. यात लाल गोटीचा स्वतःचा गुण शून्य आहे.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये वैज्ञानिकांच्या कीर्तीबाबत हेच दाखवले आणि बायबलमधील ‘ज्याच्याजवळ आहे, त्याला आणखी दिले जाईल’ या मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील वचनावरून त्याला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटले. त्या लेखाचा आधार असलेल्या मुलाखती हॅरिएट झुकरमन यांच्या होत्या, लेखावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे लागले. ही चूक त्यांनी पुढे स्वतःच मान्य केली.

नेदरलँड्समधील तरुण संशोधकांचा २०१८ चा अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो. अनुदानाच्या रेषेच्या किंचित वर असलेल्यांना पुढील आठ वर्षांत, किंचित खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. त्याचे एक कारण असे, की खाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करणेच कमी केले. हा भाग पोल्या यांच्या गणितात येत नाही. तेथे पांढरी गोटी कितीही वेळा हुकली, तरी मडक्यातच राहते.