पोथीतली चूक आणि आयर्लंडचा राजा

टोरांटोहून मावसबहिणीचा मेसेज आला. "दादा, ह्याचा डीएनए रिपोर्ट आलाय. नऊ ओलिसांचा नियाल म्हणून कोणी केल्ट राजा होता, त्याचा हा वंशज आहे म्हणे! खरं असतं का रे असलं?" सोबत रिपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो होता. हिरव्या रंगात आयर्लंडचा नकाशा, त्याचा वायव्य कोपरा गडद, बाजूला ढाल-तलवार घेतलेला योद्धा आणि मोठ्या अक्षरांत 'आर-एम222'. तिच्या नवऱ्याचं आडनाव डोहर्टी. 1840 च्या दशकात बटाट्यावर रोग पडून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा त्याच्या घरचे वायव्य आयर्लंडमधल्या डॉनेगलहून बोटीत बसून कॅनडात आले, एवढंच त्यांच्याकडे सांगितलं जातं. गाव कोणतं, तिकडे कोण राहिलं, काही पत्ता नाही.

मी तिला फोनवर तासभर जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतो. ती चाचणी फार सुंदर आहे आणि ते पहिलं पान तिच्यावर अन्याय करतं, असं मला मनापासून वाटतं.

आयरिश लोकांना डीएनएची एवढी गरज का पडते? आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही सापडू शकते. आयर्लंडचं दप्तर मात्र जळालं. 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स' या इमारतीतला दप्तरखाना स्फोटात आणि आगीत खाक झाला. 1821 ते 1851 च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. पुढच्या दोन जनगणनांचे तक्ते सरकारनंच नष्ट केले होते आणि त्यानंतरच्या दोन पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. देशाची पूर्ण जनगणना आज हाताशी आहे ती 1901 पासूनची. दुष्काळात देश सोडलेल्यांचा माग त्या भिंतीपाशी येऊन थांबतो.

आता वाय गुणसूत्र. जावयाची चाचणी याचीच. शाळेत शिकलेलं आठवा: बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. म्हणजे वाय फक्त बापाकडूनच येणार आणि फक्त मुलाकडेच जाणार. इंग्रजीत 'कझिन' म्हटलं की कोणता भाऊ ते कळत नाही, मराठीत नात्याच्या नावातच उत्तर आहे. माझा आणि माझ्या चुलतभावाचा वाय एकच. आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ यांचा वेगळा. एखाद्या बाईला माहेरचा पितृवंश शोधायचा असेल, तर भावाच्या, वडिलांच्या किंवा चुलतभावाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घ्यावा लागतो.

पण वायमध्ये खास काय आहे? बाकीच्या गुणसूत्रांवरून दूरचा वंश इतका सरळ का वाचता येत नाही? इथे मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण येते.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं. सव्वा हजारावर हस्तलिखितं तपासली गेली. ती एकमेकांशी जुळत नव्हती, कारण प्रत्येक नकलाकाराच्या हातून काहीतरी चुकलेलं होतं. संपादकांनी त्या चुकांचाच उपयोग केला. ज्या पोथ्यांमध्ये तीच चूक त्याच जागी सापडते, त्या सगळ्या एकाच चुकलेल्या मूळ प्रतीवरून उतरल्या असणार. अशा पाठभेदांवरून पोथ्यांची कुळं लावता येतात. खरी पंचाईत होते ती नकलाकारासमोर दोन प्रती असल्या की. तो दहा श्लोक हिच्यातले घेतो, वीस तिच्यातले, आणि कुळांचा गुंता होतो.

आपली बाकीची गुणसूत्रं नेमकी अशीच उतरतात. आईची प्रत आणि बापाची प्रत समोर ठेवून प्रत्येक पिढीत तुकडे सरमिसळ केले जातात. वायच्या नकलाकारासमोर मात्र एकच प्रत असते. दोन टोकांचे छोटे भाग एक्सशी देवघेव करतात, तेवढे सोडले तर बाकी सगळा मजकूर बापाकडून जसाच्या तसा, चुकांसकट. वायची संपूर्ण पोथी पहिल्यांदा वाचून झाली ती 2023 मध्ये, आणि तिची लांबी भरली सुमारे 6 कोटी 24 लाख अक्षरं. ए, सी, जी, टी या चार अक्षरांच्या लिपीतली, एकाच प्रतीवरून उतरत आलेली, हजारो पिढ्यांची पोथी! पाठभेद शोधणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं?

या पोथीत चुका दोन जातीच्या होतात, आणि रिपोर्ट वाचताना लोकांचा सगळा गोंधळ या दोन जाती एक समजल्यानं होतो.

पहिली जात मोजणीची. कोणी रामनामाची वही लिहायला बसतं तेव्हा शब्द चुकत नाही, मोजणी चुकते. अकरा ओळी लिहायच्या त्या बारा होतात. वायवर अशा जागा आहेत जिथे तीन-चार अक्षरांचा एकच तुकडा लागोपाठ येतो. डीवायएस391 नावाच्या जागी 'टीसीटीए' हा तुकडा पश्चिम युरोपातल्या पुष्कळ पुरुषांत 11 वेळा येतो. पेशी नक्कल करताना धाग्याचा एखादा फेर घसरतो, बाहेर फुगा राहतो आणि पुढच्या पिढीत 11 चे 12 किंवा 10 होतात. या जागांना एसटीआर म्हणतात. एका जागी अशी घसरण दर पिढीला सरासरी हजारात दोन ते चार वेळा होते. म्हणजे 37 जागा तपासल्या, तर एका वंशात सात ते तेरा पिढ्यांत एखादा आकडा बदलणार. जवळचे भाऊबंद शोधायला हे घड्याळ उत्तम. पण त्याची एक खोड आहे: 11 चे 12 झालेले पुढे कधीतरी पुन्हा 11 होऊ शकतात. त्यामुळे दोन अगदी वेगळी कुळं फिरत फिरत सारख्याच आकड्यांवर येऊन बसतात आणि नातं नसताना नातं दिसतं. पश्चिम युरोपात हे फार होतं, कारण तिथले बहुसंख्य पुरुष एकाच मोठ्या शाखेचे आहेत आणि त्यांचे आकडे मुळातच जवळजवळ असतात.

दुसरी जात अक्षराची. सलग मजकुरात कुठेतरी एक अक्षर बदलतं, 'जी' च्या जागी 'ए' पडतो. याला एसएनपी म्हणतात, बोलताना 'स्निप'. ही चूक इतकी विरळ की कोट्यवधी अक्षरांत नेमकं तेच अक्षर पुन्हा बदलणं किंवा मागे फिरणं जवळजवळ होत नाही. म्हणून ती खूण कायमची. पण विरळ म्हणजे किती? 2009 साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. चीनमधल्या एकाच घराण्यातले दोन पुरुष निवडले, ज्यांच्यामध्ये 13 पिढ्यांचं अंतर होतं. दोघांच्या वायची एक कोटीहून थोडी जास्त अक्षरं वाचली. फरक निघाले 4. भागाकार करा: दर पिढीला दहा कोटी अक्षरांमागे साधारण 3 चुका. आज बाजारात मिळणारी सविस्तर वाय चाचणी दीडेक कोटी अक्षरं वाचते. म्हणजे सरासरी दोन-अडीच पिढ्यांत एक नवी, कायमची खूण. कागद जिथे जळाले, तिथे हा हिशेब सुरूच राहिला!

या खुणांची उतरंड लावली की झाड तयार होतं. आमच्या जावयाच्या बाबतीत ते असं: आर, आर1, आर1बी, एम269, पी312, एल21, डीएफ13, डीएफ49, आणि मग एम222. प्रत्येक नाव म्हणजे एकेका पुरुषाच्या पोथीत पडलेलं एकेक चुकीचं अक्षर. खालची खूण असली की वरच्या सगळ्या असणारच.

आता नियाल राजाकडे वळू. 2006 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की वायव्य आयर्लंडमधल्या पाचांपैकी साधारण एका पुरुषाकडे वायच्या आकड्यांचा एक ठरावीक संच आहे. शिवाय ई नेल या जुन्या राजघराण्याशी परंपरेनं जोडलेल्या आडनावांत तो जास्त दिसतो. डोहर्टी त्यांतलंच एक. ई नेल म्हणजे नियालचे वंशज, आणि नियाल पाचव्या शतकाच्या आसपासचा मानतात. बातमी जगभर गाजली. पण तो अभ्यास मोजणीच्या खुणांवर उभा होता. पुढे अक्षरांच्या खुणा वाचून एम222 चं वय काढलं, तेव्हा ती नियालच्या काही शतकं आधीची निघाली. म्हणजे त्या खुणेचा मूळ पुरुष नियाल नव्हे. नियालकडे ती असू शकेल, आणि त्याच्याशी काही संबंध नसलेल्या हजारो शेतकऱ्यांकडे, गुराख्यांकडेही होती. त्याचे अवशेष कुणाकडे नाहीत, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही. बहिणीला मी सांगितलं, "राजा राहू दे, डॉनेगल मात्र जवळपास पक्कं धर." वायव्य आयर्लंड, आडनाव आणि खूण, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती.

दुसरा शब्द 'केल्ट'. ग्रीक आणि रोमन लेखकांनी हा शब्द युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांसाठी वापरला. आयर्लंडच्या माणसांना प्राचीन काळी कोणीही केल्ट म्हटल्याचं सापडत नाही. 1707 साली ऑक्सफर्डच्या एडवर्ड लुइड यांनी आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश या भाषांचं नातं मांडलं, आणि पुढे हे नाव त्या भाषांना, मग त्या बोलणाऱ्या लोकांना चिकटलं. केल्टिक हे भाषाकुलाचं नाव आहे. रिपोर्ट मात्र एल21 या शाखेला सर्रास 'केल्टिक जनुक' म्हणतात.

रॅथलिन हे उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळचं छोटं बेट. 2006 मध्ये तिथे एका पबकडे जाणारा रस्ता साफ करताना थडगी लागली. त्यातल्या तीन पुरुषांचा डीएनए 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी 2026 ते 1534 यांच्या दरम्यानचा, आणि त्यांच्यातही एल21 सापडला. आयरिश भाषेतले सर्वांत जुने लेख दगडावर कोरलेले आहेत, तेसुद्धा त्यानंतर दोन हजार वर्षांनीचे. म्हणजे खूण तिथे होती, पण ती बाळगणारी माणसं कोणती भाषा बोलत होती ते हाडं सांगत नाहीत. 2015 साली ब्रिटनमधल्या दोन हजारांवर लोकांच्या संपूर्ण जनुकसंचावरच्या लाखो खुणा तपासल्या, तेव्हा कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड इथले 'केल्टिक' भाग एका गटात आलेच नाहीत. वेगवेगळे राहिले.

उलटी बाजूही पाहा. सोमरलेड हा बाराव्या शतकातला स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचा सरदार, 1164 साली लढाईत मेला. मॅकडोनाल्ड घराणं स्वतःला त्याचं म्हणवतं. गेलिक भाषा, गेलिक कविता, सगळं केल्टिक. त्या घराण्याच्या आजच्या प्रमुखांची चाचणी झाली, तर वाय निघाला आर1ए, स्कँडिनेव्हियाकडचा! म्हणजे पितृवंश नॉर्वेच्या बाजूनं आलेला. मग मॅकडोनाल्ड केल्ट नाहीत का? आहेत, कारण ते त्या भाषेत जन्मले आणि वाढले. आर1ए आपल्याकडे महाराष्ट्रातही भरपूर आहे, फक्त आपली झेड93 ही शाखा आणि त्यांची झेड284 ही शाखा साधारण पाच हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तेवढ्यानं कोणी मराठी माणूस व्हायकिंग होत नाही.

आडनावाचंही तसंच. आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं दहाव्या-अकराव्या शतकापासून आहेत, म्हणजे सुमारे तीस पिढ्या. दत्तक, आईचं आडनाव लावणं, सरदाराचं नाव घेणारी कुळं, विवाहबाह्य संतती, या सगळ्यांमुळे आडनाव आणि वाय यांची गाठ दर पिढीला एक-दोन टक्क्यांत सुटते. तीस पिढ्यांचा हिशेब केला, तर गाठ अखंड राहण्याची शक्यता 55 ते 74 टक्के. चाचणी करणाऱ्या प्रत्येकानं हा आकडा आधी वाचावा आणि घरच्यांशी बोलूनच नमुना द्यावा. एकाचा रिपोर्ट भावांचा, काकांचा, पुतण्यांचाही असतो.

रिपोर्टवरच्या त्या योद्ध्याच्या चित्राचा मला खरंच राग आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे मार्क थॉमस यांनी 2013 साली असल्या दाव्यांना ज्योतिषाच्या पंक्तीत बसवलं होतं, आणि पत्रिकेतला राजयोग पाहणाऱ्या आपल्या समाजाला ते लगेच कळायला हवं. वायमध्ये शौर्य नाही, राजेपण नाही, शुद्ध रक्त नाही. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात 1024 जागा असतात, आणि वाय त्यांतल्या एकाच माणसाची गोष्ट सांगतो. उरलेल्या 1023 जणांबद्दल, म्हणजे त्या घरातल्या एकाही आईबद्दलसुद्धा, तो काही सांगत नाही.

पण त्या एकाची गोष्ट तो इमानानं सांगतो. जावयाच्या यादीत मोजणीच्या 37 पैकी 37 जागा जुळणारे बरेच निघाले, त्यांतले बहुतेक वेगवेगळ्या आडनावांचे. ते मी बाजूला ठेवायला सांगितले. 111 जागांवर फक्त दोन फरक असलेला एकच निघाला, ऑस्ट्रेलियातला, तोही डोहर्टी. त्याच्या घरी मूळ भागाचं नाव टिकलं आहे, डॉनेगलच्या उत्तरेचं इनिशोवेन द्वीपकल्प. जनगणना जळाल्या तरी 1847 ते 1864 दरम्यान झालेल्या ग्रिफिथच्या जमीन आकारणीच्या याद्या शिल्लक आहेत, वाडीवार, कुळांच्या नावानिशी. बहीण आता रोज रात्री मुलं झोपली की त्यातले डोहर्टी उतरवून घेते. एका वाडीत सात सापडलेत. कोणता आपला, ते ठरवायला ऑस्ट्रेलियावाल्याची आणि जावयाच्या चुलतकाकांची सविस्तर अक्षरचाचणी करायला दिली आहे. काका ब्याऐंशी वर्षांचे. काडी गालात फिरवताना त्यांनी विचारलं म्हणे, "दुखणार नाही ना?"